नवसेविकांची माता : संत लुईज डी मारिलॅक

दरवर्षी ९ मे रोजी ख्रिस्तसभा संत लुईज डी मारिलॅक यांचा सण साजरा करते. पूर्वी हा सण त्यांच्या निधनाच्या दिवशी, म्हणजे १५ मार्च रोजी येत असे. परंतु तो दिवस दरवर्षी प्रायश्चित्तकाळातच पडत असल्यामुळे २०१६ सालापासून तो ९ मे या दिवसावर नेण्यात आला. १९२० साली याच दिवशी पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले होते. पुढे ११ मार्च १९३४ रोजी पोप अकरावे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले आणि १९६० साली पोप तेविसावे जॉन यांनी त्यांना ख्रिस्ती समाजसेवकांच्या आश्रयदात्या संत म्हणून घोषित केले.

संत व्हिन्सेंट डी पॉल यांचे नाव आपल्या धर्मग्रामांत सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यांच्या नावाने चालणाऱ्या सोसायटीचे सभासद गरिबांच्या घरी जातात, आजाऱ्यांची विचारपूस करतात, हे आपण पाहतो. मात्र ज्या स्त्रीने व्हिन्सेंट यांच्या सेवाकार्याला शिस्त दिली, माणसे घडवून दिली, तिचे नाव आपल्याकडे क्वचितच घेतले जाते. हल्ली अनेक तरुण-तरुणी शिक्षण संपल्यावर किंवा नोकरीला लागण्यापूर्वी आयुष्यातील एक वर्ष प्रभूच्या सेवेसाठी देण्याची इच्छा व्यक्त करतात. ही इच्छा पवित्र आहेच; परंतु इच्छा झाली म्हणजे सेवा करता येते, असे मात्र नाही. सेवेसाठी आलेल्या उत्साही पण अननुभवी माणसांना तयार कसे करावे, हा प्रश्न लुईज यांच्यासमोर जवळजवळ चारशे वर्षांपूर्वी उभा राहिला होता. त्यांचे उत्तर जाणून घेण्यासाठी त्यांचे जीवन थोडे मुळापासून पाहावे लागेल.

पोरकेपण आणि अंधार

लुईज यांचा जन्म १२ ऑगस्ट १५९१ रोजी फ्रान्समध्ये झाला. मारिलॅक हे त्या काळचे मोठे, राजदरबारात वजन असलेले घराणे होते. परंतु लुईज यांचा जन्म विवाहबाह्य संबंधातून झाला होता. त्यांच्या आईचे नाव इतिहासात कुठेही नोंदलेले नाही. वडील लुई डी मारिलॅक यांनी मात्र मुलीला आपले म्हटले आणि तिला पॉयसी येथील डॉमिनिकन धर्मभगिनींच्या मठात शिक्षणासाठी ठेवले. तेथे तिला लॅटिनची, चित्रकलेची व उत्तम वाचनाची ओळख झाली. १६०४ साली वडील निवर्तले आणि त्यानंतर मुलीची रवानगी पॅरिसमधील एका साध्या बाईच्या घरी झाली. तेथे ती स्वयंपाक, शिवणकाम, घरकाम शिकली. सरदारघराण्यातल्या मुलीला केर काढायला लागणे ही त्या वेळी मानहानी वाटली असेल. पुढे खेड्यातल्या मुलींमध्ये वावरताना हेच शिक्षण मठातल्या शिक्षणाइतके उपयोगी पडले.

त्यांना कडक व्रतस्थ जीवनाची ओढ होती. कॅपुचिन धर्मभगिनींच्या मठात प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी विनंती केली, परंतु प्रकृती नाजूक असल्याचे कारण देऊन ती नाकारण्यात आली. नातेवाईकांनी विवाह ठरवला. ५ फेब्रुवारी १६१३ रोजी राणी मारी डी मेदिची हिच्या सचिवांपैकी एक, आंत्वान ल ग्रा यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी मिशेल या पुत्राचा जन्म झाला. काही वर्षे सुखात गेली. मग पती दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळले, त्यांचा स्वभाव चिडचिडा झाला आणि लुईज यांच्या मनाने घेतले की, मठात जाण्याचे देवाला दिलेले वचन आपण मोडले, त्याचीच ही शिक्षा आहे. पतीला सोडून जावे काय, असा विचारही त्यांना छळू लागला. देव आहे की नाही, इथपर्यंत शंका पोहोचली.

४ जून १६२३ रोजी, पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणादिवशी, पॅरिसच्या सेंट निकोलस दे शां या चर्चमध्ये प्रार्थना करत असताना त्यांचे मन अचानक शांत झाले. पतीजवळच राहावे, हे त्यांना स्पष्ट कळले. शिवाय, आपण एके दिवशी शेजाऱ्यांच्या सेवेसाठी एका लहानशा समूहात राहू आणि त्या समूहातील स्त्रिया ये-जा करत असतील, असेही त्यांना जाणवले. हे जाणवणे त्यांना स्वतःलाही कोड्यात टाकणारे होते, कारण त्या काळी व्रतस्थ स्त्री म्हणजे चार भिंतींच्या आत राहणारी स्त्री. ये-जा करणाऱ्या व्रतस्थ स्त्रिया कुणी पाहिल्याच नव्हत्या. त्यांनी तो अनुभव एका कागदावर लिहून ठेवला आणि तो कागद पुढे आयुष्यभर जपला. २१ डिसेंबर १६२५ रोजी पतीचे निधन झाले. शेवटपर्यंत त्यांनी पतीची शुश्रूषा केली.

याच सुमारास फादर व्हिन्सेंट डी पॉल त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक झाले. दोघांचे प्रथमदर्शनी जमले असे नाही. एक शेतकऱ्याचा मुलगा, बोलण्यात सावकाश, निर्णयात त्याहून सावकाश. दुसरी सुशिक्षित, हळवी आणि सतत काळजी करणारी. व्हिन्सेंट यांनी त्यांना चार वर्षे थांबवून ठेवले, काही मोठे काम दिले नाही. गरिबांसाठी कपडे शिवावेत, प्रार्थना करावी, मुलाची अतिकाळजी सोडावी, एवढेच. व्हिन्सेंट यांनी पहिली नवसेविका घडवली ती अशी, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

तपासनीस लुईज

व्हिन्सेंट यांनी १६१७ साली शातिलाँ या गावी गरीब आजाऱ्यांसाठी स्त्रियांचे पहिले सेवामंडळ स्थापन केले होते. त्या मंडळाची नियमावली वाचण्याजोगी आहे. जेवण घेऊन जाणाऱ्या स्त्रीने आजाऱ्याला प्रेमाने नमस्कार करावा, त्याच्यासमोर स्वच्छ कापड पसरावे, हात धुण्यास पाणी द्यावे, प्रार्थना म्हणावी, गरज असल्यास मांसाचे तुकडे करून द्यावेत, अशा बारीकसारीक सूचना तिच्यात आहेत. ज्याच्याजवळ घरचे कुणी आहे त्या आजाऱ्यापासून आरंभ करावा आणि जो एकटा आहे त्याच्याकडे सर्वांत शेवटी जावे, म्हणजे त्याच्यापाशी अधिक वेळ थांबता येईल, असेही तिच्यात सांगितले आहे. एकट्या माणसाचा एवढा विचार करणारी नियमावली आजही कितीशा संस्थांजवळ असेल?

अशी मंडळे गावोगाव वाढली आणि वाढली तशी विस्कळीतही झाली. मे १६२९ मध्ये व्हिन्सेंट यांनी लुईज यांना माँमिराय येथील मंडळाची पाहणी करण्यास पाठवले. त्यानंतर कित्येक वर्षे त्या घोडागाडीतून, कधी घोड्यावरून खेडोपाडी फिरल्या. हिशेबाची वही तपासणे, आजाऱ्यांच्या घरी स्वतः जाऊन पाहणे, मंडळातील भांडणे मिटवणे, गावातील मुलींना गोळा करून अक्षरओळख व धर्मशिक्षण देणे आणि जाण्यापूर्वी हे काम चालवील अशी कुणी स्त्री शोधणे, ही त्यांची पद्धत होती.

पॅरिसमध्ये मात्र वेगळीच अडचण होती. तेथील मंडळांत उमरावांच्या स्त्रिया होत्या. मनाने चांगल्या होत्या, देणगीही सढळ हाताने देत. परंतु रस्त्यातून रश्श्याचे भांडे उचलून नेणे, चार जिने चढून अंधाऱ्या खोलीतील रुग्णाची घाण काढणे त्यांना जमेना. काहींच्या पतींनी मनाई केली, काहींना संसर्गाची भीती वाटली. मग त्या आपल्या मोलकरणींना पाठवू लागल्या. मोलकरणी हुकूम म्हणून जात, काम उरकून परत येत. गरिबाला अन्न मिळे. प्रेम मिळत नसे.

मार्गरिट नासो

अशा वेळी, १६३० साली, स्युरेन गावची मार्गरिट नासो ही गुराखीण फादर व्हिन्सेंट यांना भेटली. ती शाळेत कधी गेलीच नव्हती. गुरे राखता राखता तिने रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांना विचारून एकेक अक्षर ओळखायला शिकून घेतले होते आणि मग गावोगाव फिरून इतर मुलींना वाचायला शिकवण्याचा सपाटा लावला होता. कधी खायला मिळे, कधी नाही. लोक थट्टा करत, तिकडे ती लक्ष देत नसे. आजाऱ्यांच्या सेवेचे काम आहे असे कळताच ती आनंदाने पॅरिसला आली. जे काम मोठ्या घरच्या स्त्रियांना जमत नव्हते, ते तिने सहज केले. तिच्यामागोमाग आणखी काही खेडवळ मुली आल्या.

फेब्रुवारी १६३३ मध्ये मार्गरिट मरण पावली. प्लेगने पछाडलेल्या एका मुलीला तिने आपल्या बिछान्यात जागा दिली होती. त्यातूनच तिला रोगाची बाधा झाली. तिच्या पवित्र मरणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि लुईज यांच्या नजरेतून एक गोष्ट सुटली नाही. या मुली वेगवेगळ्या धर्मग्रामांत विखुरलेल्या होत्या. त्यांना शिकवणारे, सांभाळणारे, आवरणारेही कुणी नव्हते. एवढे निर्मळ मन आणि एवढा उत्साह, पण त्याला घर नाही. या मुलींना एकत्र ठेवून तयार करावे, असा आग्रह त्यांनी व्हिन्सेंट यांच्याकडे धरला. व्हिन्सेंट यांनी आपल्या सवयीप्रमाणे वेळ घेतला. शेवटी २९ नोव्हेंबर १६३३ रोजी लुईज यांनी आपल्या पॅरिसमधील राहत्या घरी चार-पाच मुलींना प्रवेश दिला. दयाकन्या किंवा डॉटर्स ऑफ चॅरिटी या संघाचा आरंभ तो हाच.

घर हीच शाळा

त्या घरात काय शिकवले जाई? आलेल्या बहुतेक मुली निरक्षर होत्या. त्यांना वाचन व थोडे लेखन शिकवले जाई, कारण पुढे त्यांनाच गरीब मुलींना शिकवायचे होते. लुईज यांनी धर्मशिक्षणासाठी प्रश्नोत्तररूपाने स्वतः एक पुस्तिका लिहिली. शिवणकाम होते, रश्शाची पाककृती होती. औषधे कशी बनवावीत, जखम कशी बांधावी, त्या काळच्या वैद्यकानुसार शिरेतून रक्त कसे काढावे, हेही शिकवले जाई. पहाटे उठून प्रार्थना, मग पवित्र मिस्सा, मग काम आणि परतल्यावर सर्वांनी एकत्र बसून दिवसाचा आढावा घेणे, असा दिनक्रम असे. व्हिन्सेंट अधूनमधून येत व या मुलींशी संवाद साधत. ते केवळ प्रवचन करत नसत. एखादा विषय देऊन प्रत्येकीला तिचे मत विचारत आणि खेडवळ मुलीने अडखळत दिलेले उत्तर मनापासून ऐकत. लुईज व अन्य भगिनी ते संवाद टिपून ठेवत, म्हणून आज ते आपल्याला उपलब्ध आहेत.

मात्र धडे देऊन मोकळे होणे हा लुईज यांचा मार्ग नव्हता. नवीन मुलीला त्या अनुभवी भगिनीबरोबर आजाऱ्यांकडे धाडत. काम पाहून, करून, चुकून शिकावे आणि संध्याकाळी त्याविषयी बोलावे. पॅरिसच्या मोठ्या इस्पितळात, ओतेल द्यू येथे, १६३४ पासून या मुली जाऊ लागल्या. एकेका खाटेवर अनेक रुग्ण, असह्य दुर्गंधी आणि रोज मृत्यू. कुणाला रडू येई, कुणाला घराची आठवण येई. सर्वच टिकल्या नाहीत. पॅरिस पाहण्याच्या हौसेने आलेली मुलगी फार दिवस राहत नाही, हे लुईज यांच्या लवकरच ध्यानात आले आणि गावोगावच्या धर्मगुरूंकडून मुलींची शिफारस येई तेव्हा त्या तिच्या हेतूची चौकशी करू लागल्या. मुली परत गेल्या की त्या मनाला लावून घेत आणि दोष स्वतःकडे घेत. व्हिन्सेंट यांना त्यांची समजूत काढावी लागे.

ही तयारी किती खोल रुजत होती, ते बार्ब आंजीबू या मुलीच्या वागण्यावरून दिसते. बार्ब १६३४ साली संघात आली. दोन वर्षांनी, कार्डिनल रिशल्यू यांची भाची डचेस देग्वियाँ हिने आपल्याकडे एक सेविका मागितली. ही बाई संघाची मोठी आधारस्तंभ. तिला नाही कसे म्हणावे? बार्बला पाठवण्यात आले. तो वाडा, ते नोकरचाकर पाहून बार्बला रडू कोसळले. आपण आईवडिलांचे घर सोडले ते गरिबांच्या सेवेसाठी, एवढ्या मोठ्या बाईसाहेबांच्या सेवेसाठी नव्हे, असे तिने सांगितले व परत पाठवण्याची विनंती केली. व्हिन्सेंट यांना त्याचा राग न येता उलट कौतुकच वाटले. हीच बार्ब पुढे पॅरिसमध्ये, वल्ही मारण्याची सक्तमजुरी झालेल्या कैद्यांची सेवा करू लागली. साखळदंडातील ते कैदी संतापाने रस्सा व मांस जमिनीवर फेकून देत. ती न बोलता ते गोळा करी आणि पहारेकरी त्यांना मारू लागले तर मध्ये पडे. तिच्या मृत्यूनंतर तिच्या सोबतिणींनी या आठवणी सांगितल्या.

वर्षाचे व्रत

आता एका महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर व्रतस्थ स्त्रियांनी मठाबाहेर पडू नये असा कडक दंडक होता. संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी आजाऱ्यांना भेटी देण्यासाठी धर्मभगिनींचा संघ काढला, परंतु अखेर तोही मठाच्या भिंतींआड गेला. लुईज यांच्या मुली भिंतींआड गेल्या असत्या तर आजाऱ्यांना रस्सा कोण पोहोचवणार होते? म्हणून त्यांना मठवासी संन्यासिनी न म्हणता धर्मग्रामातील सेविका म्हणण्यात आले. पोशाख पॅरिसभोवतीच्या खेड्यांतील बायकांचा, जाडाभरडा करड्या रंगाचा. प्रार्थनेला धर्मग्रामाचे चर्च. राहायला भाड्याची खोली.

२५ मार्च १६४२ रोजी लुईज व चार भगिनींनी आजन्म व्रते घेतली. परंतु पुढे संघात जी प्रथा रूढ झाली ती वेगळी आहे आणि ती आजही चालू आहे. दयाकन्यांची व्रते एका वर्षासाठी असतात. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन आणि गरिबांची सेवा, अशी ही चार व्रते दरवर्षी देवदूताने पवित्र मरियेला दिलेल्या संदेशाच्या सणादिवशी नव्याने घेतली जातात. पन्नास वर्षे सेवा केलेली वृद्ध सिस्टरही त्या दिवशी पुन्हा एका वर्षासाठीच होकार देते. कायद्याच्या अडचणीतून निघालेली ही वाट. पण तिच्यामुळे प्रत्येकीला दरवर्षी स्वतःला विचारावे लागते. एका वर्षाच्या सेवेसाठी निघालेल्या आजच्या युवकांना ही प्रथा परकी वाटू नये.

लुईज यांची वाटचाल सुखाची होती असे कुणी समजू नये. राजकारणात त्यांच्या घराण्याचा पाडाव झाला. १६३२ साली त्यांचे एक काका, फ्रान्सचे सेनानी, यांचा शिरच्छेद झाला आणि दुसरे काका मिशेल डी मारिलॅक कैदेत मरण पावले. पुत्र मिशेल हा धर्मगुरू होण्यासाठी शिकत होता, त्याने ते सोडले. त्याचे मन कशातच लागेना. हजारो बेवारस अर्भकांची सोय लावणारी ही माता स्वतःच्या मुलाच्या चिंतेने रात्र-रात्र जागी असे. १६५० साली त्याचा विवाह झाला आणि पुढच्या वर्षी नात झाली, तेव्हा कुठे त्यांना थोडे हायसे वाटले.

काम मात्र वाढत होते. १६३८ पासून रस्त्यावर टाकून दिलेल्या अर्भकांची जबाबदारी आली. १६३९ च्या अखेरीस आजारी असतानाही त्या आंजे येथे गेल्या व १ फेब्रुवारी १६४० रोजी तेथील इस्पितळाशी लेखी करार केला. १६४६ साली नाँतला भगिनींना पोहोचवायला त्या स्वतः गेल्या व प्रवासाची टिपणे लिहून ठेवली. १६५२ साली तीन भगिनी पोलंडला निघाल्या. दूर गेलेल्या प्रत्येकीला लुईज यांची पत्रे जात. अशी शेकडो पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत देवाविषयी लिहिले आहे आणि पैशाविषयी, औषधांविषयी, एकमेकींशी न पटणाऱ्या दोघींविषयीही लिहिले आहे. आजाऱ्यांशी मृदूपणे वागावे, आपापसांतले भांडण दिवस मावळण्यापूर्वी मिटवावे, डॉक्टरांचा व स्थानिक धर्मगुरूंचा मान राखावा, या गोष्टी त्या पुन्हा पुन्हा सांगतात. पाठवणी झाली की तयारी संपली, असे त्या मानत नसत. नव्या मुलींची जबाबदारी पुढे त्यांनी ज्युलिएन लोरे या तरुण भगिनीवर सोपवली. आपल्यानंतरही घडवणारी माणसे हवीत, हे त्यांनी वेळीच ओळखले होते.

१८ जानेवारी १६५५ रोजी पॅरिसच्या आर्चबिशपांची संघाला मान्यता मिळाली. १६६० च्या फेब्रुवारीत लुईज आजारी पडल्या. व्हिन्सेंट स्वतः अंथरुणाला खिळले होते. येऊ शकत नव्हते. त्यांच्या हातच्या दोन ओळी तरी मिळाव्यात अशी लुईज यांची इच्छा होती. त्यांनी चिठ्ठी दिली नाही; तोंडी निरोप तेवढा पाठवला. हे आपल्याला कठोर वाटते. पण पस्तीस वर्षांच्या या आध्यात्मिक मैत्रीत शेवटचा आधारही देवाच्या हाती द्यावा, असे व्हिन्सेंट यांना वाटले असावे. लुईज यांनी ते स्वीकारले. मुलगा, सून व नात यांना त्यांनी आशीर्वाद दिला. भगिनींना गरिबांची काळजी घेण्याची व ऐक्याने राहण्याची विनंती केली. १५ मार्च १६६० रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांचे अवशेष आज पॅरिसमधील रू द बाक येथील चॅपेलमध्ये आहेत.

त्याच वर्षी जुलै महिन्यात व्हिन्सेंट यांनी भगिनींना दोनदा एकत्र बोलावले आणि आपल्या दिवंगत मातेविषयी प्रत्येकीला काय आठवते, ते नेहमीच्या रीतीने विचारले. बोलताना अनेकींना अश्रू आवरले नाहीत. ऑगस्ट महिन्यात मार्गरिट शेतिफ या भगिनीची लुईज यांच्या जागी नेमणूक झाली. महिनाभराने, २७ सप्टेंबर १६६० रोजी, व्हिन्सेंट डी पॉलही प्रभूकडे गेले.